नंतरचा गिरीश

गिरीश गेल्याचं कळवायला मी हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून एकेकाला फोन करत होते. सकाळची वेळ होती, आमचा मुलगा ओंकार आत कागदांवर सह्या करत होता, आणि पलीकडून जवळजवळ प्रत्येक जण मला तेच ऐकवत होता. ‘अगं, एवढ्या मोठ्या अपघातातून वाचला होता गं तो... आणि न्यूमोनियानं गेला?’ जणू लेखी परीक्षेत पहिला आलेला मुलगा तोंडीत नापास झाला होता. मी ‘हो ना’, ‘काय करणार’ असं म्हणत राहिले. त्या लोकांचा काही दोष नव्हता, अशा वेळी माणसाला काहीतरी बोलावंच लागतं. पण मला मनातून संताप येत होता, आणि नवरा जाऊन दोन तासही झाले नसताना आपल्याला दुःखाऐवजी संताप का येतोय, हे माझं मलाच कळत नव्हतं. आता दीड-दोन महिने होत आलेत. आता थोडं कळायला लागलंय, म्हणून लिहायला बसले आहे. ‘वाचला’ हा शब्द मी गेली नऊ वर्षं ऐकते आहे. त्या शब्दावर माझा राग का, हे सांगायचं तर आधी अपघाताआधीचा गिरीश सांगायला हवा.

आम्ही दोघंही खडकीचे. दोघांचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, दोघांची क्वार्टर्स समोरासमोर. मोठा झाल्यावर गिरीशही त्याच कारखान्यात लागला. घरच्यांनी मुली बघायचा विषय काढला तेव्हा म्हणाला होता, ‘लांब कशाला जायचं? समोरची मंजिरी रोज कपडे वाळत घालताना दिसते. चिमटे नीट लावते, संसारही करेल.’ माझं लग्न असं चिमट्यांवर ठरलं! तो सगळ्यांशीच असा बोलायचा. पाहुणे फार वेळ बसले की, ‘बसा हो, घाई काय आहे, आम्ही जेवून येतो’ असं हसत सांगायचा, आणि पाहुणेही हसत उठायचे. माझा उपमा एकदा चिकट झाला होता. ‘छान झालाय,’ तो म्हणाला, ‘बाथरूमची एक फरशी निघालीय, तिथे थोडा ठेव.’ लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही कर्वेनगरला फ्लॅट घेतला, मला तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली, आणि गिरीश रोज मोटारसायकलवरून खडकीला जाऊ-येऊ लागला. ओंकारला शाळेत सोडणं, मंडईतून भाजी आणणं, रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी भजी खायला जाणं, सगळं त्या एका गाडीवर.

त्या गाडीचा उजवा इंडिकेटर पार्किंगमध्ये कुणाच्या तरी धक्क्यानं फुटला. मी दुरुस्त करून घे म्हटलं तर म्हणाला, ‘एवढा जिवंत इंडिकेटर मागे बसलेला असताना?’ पुण्यात नवऱ्याच्या मागे बसणाऱ्या बाईला हे काम असतंच. गाडी वळायची झाली की तिनं हात बाहेर काढायचा आणि मागच्यांना थोपवायचं. गिरीश आधी ‘हात’ असं ओरडायचा. मग ओरडायचीही गरज राहिली नाही, त्याची मान जराशी उजवीकडे कलली की माझा हात आपोआप बाहेर जायचा, बांगड्या वाजायच्या आणि आम्ही वळायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, ‘आमच्या गाडीला डावीकडे बल्ब आहे आणि उजवीकडे बायको.’ मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? इंडिकेटर तसाच राहिला. कधीमधी आठवण व्हायची, पण तो आता आमच्या घरातला विनोद झाला होता, आणि विनोद कुणी दुरुस्त करून घेत नाही.

त्या दुपारी पहिली पाळी संपवून तो एकटाच घरी येत होता. खडकीतून बाहेर पडताना एका चौकात त्याला उजवीकडे वळायचं होतं. मागून टेंपो येत होता. गिरीशचा कारखान्यातला मित्र शेखर त्याच्या थोडाच मागे होता, त्यानं सगळं पाहिलं. त्यानंच रिक्षा थांबवली, त्यानंच मला फोन केला, आणि अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मला सगळं सांगणाराही तोच. ‘टेंपोवाला रडत होता गं. सारखं तेच म्हणत होता, यांनी हातच नाय दाखवला हो साहेब, मला कसं कळणार...’ एवढं बोलून शेखरनं माझ्याकडे पाहिलं. त्याला काय आठवलं ते मला कळलं, मला कळलंय हे त्यालाही कळलं. हेल्मेट होतं, डोक्यावरही होतं. पण पट्टा गळ्याला काचतो म्हणून गिरीश तो कधी लावायचा नाही. हेल्मेट रस्त्याच्या पलीकडे जाऊन पडलं. मी स्वतःला दोष दिला नाही, आजही देत नाही. तो विनोद आमच्या दोघांचा होता. पण ते काही आठवडे मला माझा उजवा हात नकोसा झाला होता, एवढं खरं.

डोक्यातली रक्ताची गाठ काढली. बरेच दिवस तो शुद्धीवर नव्हता. मग एका सकाळी त्यानं डोळे उघडले, पाणी मागितलं, आणि सगळ्या नातेवाइकांत एकच आरोळी उठली... वाचला! कुणी सारसबागेच्या गणपतीला नारळ वाढवला, कुणी पेढे आणले. डॉक्टर फक्त म्हणाले, ‘जिवावरचा धोका टळलाय. बाकीचं हळूहळू बघू.’ ते ‘बाकीचं’ म्हणजे काय, हे विचारायचं मला सुचलं नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला मार आहे, स्वभावात फरक पडू शकतो, असंही त्यांनी नंतर समजावलं. मला वाटलं, थोडा चिडका होईल. एवढं काय, माझे वडील जन्मभर चिडके होते. गिरीश घरी आल्यावर शेखर भेटायला आला आणि खुर्चीत बसता बसता म्हणाला, ‘काय रे, डावीकडचा बल्ब तरी शिल्लक आहे का?’ गिरीशनं त्याच्याकडे पाहिलं. ‘कसला बल्ब?’ त्यानं विचारलं, अगदी गंभीरपणे, आणि उत्तराची वाट बघत राहिला. शेखरनं माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकते म्हणून आत निघून गेले.

त्यानंतरच्या वर्षांबद्दल लोक बोलत नाहीत. मी बोलणार आहे. कुकरची शिट्टी झाली की गिरीश दोन्ही कानांवर हात ठेवून ओरडायचा. आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावायचा. ज्याच्या तोंडून कधी ‘मूर्ख’ याच्यापुढे शब्द गेला नव्हता, तो मला आमच्या मुलासमोर घाणेरड्या शिव्या द्यायचा, आणि तासाभरानं जेवायला काय आहे म्हणून विचारायचा. मी ग्रंथालयातून यायला उशीर केला तर मी कुणाबरोबर होते, हे त्याला ऐकायचं असायचं. कारखान्यातली नोकरी सुटली. ओंकार तेव्हा सातवीत होता, आवाज चढला की तो पुस्तकं उचलून मित्राकडे जायचा. एकदा मी त्याला घेऊन हडपसरला माझ्या भावाकडे गेले. इकडे शेखर गिरीशजवळ राहिला. भाऊ म्हणाला, ‘ताई, तू जायचं नाहीस आता. माणसानं किती सोसायचं?’ आठवड्यानं मी परत आले. प्रेमापोटी आले असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते तसं नव्हतं. मला मनोमन खात्री होती की गिरीश कुठेतरी गेलाय, माझा गिरीश, आणि एक दिवस तो परत येईल. आणि आला तर त्याला घराला कुलूप दिसायला नको. तेवढ्यासाठी मी आले. मग मी त्याची वाट बघू लागले. त्याच्या आवडीचं करून घालायचं, त्याचेच जुने विनोद त्याला सांगायचे, आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. ‘आठवतं का रे?’ हा प्रश्न मी दिवसातून किती वेळा विचारत असेन कुणास ठाऊक. त्याला बऱ्याच गोष्टी आठवायच्याही. पण त्या दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तशा तो सांगायचा.

अशी चारेक वर्षं गेली. गाडी चालवायला त्याला डॉक्टरांनी कायमची मनाई केली होती, आणि मी नंतर घेतलेल्या स्कूटरवर मागे बसायला तो तयार नव्हता. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं आणि नेमका रिक्षांचा संप. तो काही न बोलता खाली आला. त्यानं स्वतःचं हेल्मेट घातलं, पट्टा लावला, मग माझ्या हनुवटीखाली दोन बोटं घालून माझा पट्टा तपासला आणि मागे बसला. मी वळणावर इंडिकेटर दिला, आणि माझ्या खांद्याजवळून एक हात बाहेर आला. सरळ, ताठ, उजवीकडे... कशीबशी वळले आणि उसाच्या रसाच्या गाड्यापाशी स्कूटर थांबवली. ‘गिरीश! आठवलं तुला?’

‘काय?’

‘हात दाखवायचं! मी दाखवायचे ना, आपल्या जुन्या गाडीवर.’

‘नाही,’ तो म्हणाला. ‘तू वळत होतीस. मागच्याला कळायला नको?’

‘अरे, पण इंडिकेटर चालू होता की.’

‘असू दे. लोक बघत नाहीत.’

मला रडू यायला लागलं होतं. त्यानं हेल्मेट काढलं, तिथल्या बाकड्यावर बसला आणि चरकाच्या घुंगरांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘मंजू, तू रोज माझ्याकडे बघतेस. तो आलाय का म्हणून.’ आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ‘तो नाही यायचा. तो तिथेच गेला, चौकात. मी आहे. चालत असेल तर बघ... नसेल तर तसं सांग.’ रसवाल्यानं दोन ग्लास आणून ठेवले. गिरीशनं त्याचा ग्लास संपवला, माझाही अर्धा संपवला, आणि म्हणाला, ‘चल, डॉक्टर निघून जातील.’

त्या दिवसापासून मी ‘आठवतं का’ विचारणं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सगळं गोडीगुलाबीचं झालं, असं मुळीच नाही. पण मी वाट बघायची थांबले तसा घरात राहणारा माणूस मला दिसायला लागला. याला कारल्याची भाजी आवडायची, जी आधीच्या गिरीशनं कधी ताटात घेतली नव्हती. क्रिकेटचं याला काही नव्हतं, पण रेडिओवर शेतीचा कार्यक्रम लागला की कांद्यावरच्या करपा रोगाची माहिती अशी मन लावून ऐकायचा, जशी काही आमची मागे दहा एकर जमीन होती. याला पटकन रडू यायचं. याला खोटं बोलता यायचं नाही, त्यामुळे आमच्याकडे येणारे पाहुणे कमी झाले, तेही एका अर्थी बरंच झालं. चिडून झाल्यावर ‘चुकलो’ म्हणणं याला कधी जमलं नाही. तो उठायचा आणि घरातल्या पाण्याच्या सगळ्या बाटल्या भरून ठेवायचा. सकाळी तो सोसायटीच्या फाटकापाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचा आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक दुचाकीवाल्यावर ओरडायचा, ‘स्टँड!’ किंवा ‘पट्टा!’ कुणाला तो सोडायचा नाही. भाड्यानं राहणारी कॉलेजची मुलं त्याला ‘पट्टाकाका’ म्हणायची. शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले. ‘वहिनी, जरा सांगा ना त्यांना. सकाळी सकाळी लोकांना ओरडा खायला आवडत नाही.’ मी म्हटलं, ‘मग स्टँड वर घेऊन निघत जा म्हणावं.’ ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी पहिल्यांदाच या गिरीशच्या बाजूनं भांडले होते.

आणि एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण ती मी कुणाला सांगितलेली नाही. एकदा मी पोळ्या लाटत होते, तो दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, ‘तू दमलीस. आज नको करूस. जा, पड जरा.’ साधंच बोलणं. पण आधीच्या गिरीशनं मला इतकं हसवलं, इतकं जीव तोडून हसवलं, आणि मी दमले आहे हे त्याला वीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. मी खरोखरच जाऊन पडले. त्यानं खालच्या दुकानातून पाव आणले. त्याच महिन्यात त्यानं माझ्या भावासमोर मला शिवी दिली आणि माझा मोबाइल भिंतीवर आपटला, हेही लिहून ठेवते. तो असा होता. दोन्ही तोच होता.

या हिवाळ्यात खोकला धरला, ताप हटेना, आणि आठवडाभरातच सगळं आटोपलं. शेवटच्या दिवशी त्याच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क होता. मी जवळ गेले तर त्यानं हात उचलून माझ्या हनुवटीपर्यंत आणला, पट्टा बघायला, आणि पट्टा नाही म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. ‘अरे, मी गाडीवर नाही आले,’ मी म्हटलं. त्यानं मान हलवली आणि डोळे मिटले.

मित्रांनी शोकसभा घेतली. सोसायटीच्याच हॉलमध्ये, साधी. पुढे टेबलावर ओंकारनं निवडलेला, हार घातलेला फोटो होता. कारखान्याच्या सहलीत काढलेला, मिशा, भरगच्च केस, कुणाला तरी टोमणा मारून झाल्यावरचं हसू. माणसं उठून बोलत होती. फरशी आणि उपमा झाला, पाहुणे झाले, उजवीकडे बायको झाली. लोक हसत होते, डोळे पुसत होते, ‘असा माणूस होणे नाही’ म्हणत होते. एकाही माणसानं त्या नऊ वर्षांचं नाव काढलं नाही. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मला वाटत होतं, ही दुसऱ्याच कुणाची तरी सभा आहे. ज्या माणसाला मी परवा स्मशानात सोडून आले, ज्याच्या शर्टाची बटणं मी रोज लावत होते, त्याच्याबद्दल इथे कुणी बोलतच नाहीये. हा फोटोतला माणूस तर केव्हाच गेला होता. त्याच्यासाठी मी चार वर्षं एकटीनं रडले, तेव्हा कुणी सभा घेतली नव्हती, तेव्हा सगळे पेढे वाटत होते. आणि आता हा गेला तर याच्यासाठी रडायलाही मी एकटीच. मी शेखरला तसं म्हटलं. तो खरोखर चांगला माणूस आहे, आमच्यासाठी त्यानं काय नाही केलं! तो म्हणाला, ‘मंजू, मधलं ते नको ना आठवायला. आपण त्याचा चांगला काळ आठवू.’

घरी आल्यावर मी ओंकारला म्हटलं, ‘भिंतीवर हा फोटो नको लावूस.’

‘का गं? चांगला आहे की.’

‘चांगला आहे. पण तुला हाच कसा सुचला? तू तर लहान होतास तेव्हा.’

ओंकार आता हडपसरला एका कंपनीत आहे, फार बोलणारा मुलगा नाही. तो चार्जरची वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, ‘मला तर हे बाबा आता नीट आठवतही नाहीत, आई. मला नंतरचेच आठवतात. पण मला वाटलं... तुला तेच हवेत.’

मी तिथेच खाली बसले. रागानं नाही, दुःखानंही नाही, नुसती भीती वाटली. मी मानत आले होते की रसाच्या गाड्यापाशी झालेल्या त्या बोलण्यानंतर मला हाच गिरीश हवाय, हे घरात सगळ्यांना कळलंय. सांगायची काय गरज, मी भांडते की त्याच्या बाजूनं, कारली आणते की आठवड्याला. पण त्याच घरात, त्याच टेबलावर जेवणाऱ्या माझ्या मुलाला कळलं नव्हतं. मग गिरीशला कळलं होतं का? त्यानं मला सरळ विचारलं होतं आणि मी त्याला तोंडानं उत्तर कधीच दिलं नाही. आता विचारायला कुणी नाही. ओंकार घाबरून म्हणाला, ‘आई, काय झालं?’ मी म्हटलं, ‘तुझ्याकडे नंतरच्या बाबांचा एखादा फोटो आहे का?’ त्यानं मोबाइल पुढे केला. एखादा कसला, कितीतरी होते. कामावर निघताना काढलेले असावेत. मी एकही कधी पाहिलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो मोबाइल घेऊन मी डेक्कनजवळच्या एका स्टुडिओत गेले. आम्ही निवडलेल्या फोटोत गिरीश फाटकापाशी खुर्चीत बसलाय, एक हात वर, तोंड अर्धं उघडं, कुणावर तरी ओरडतोय. कपाळापासून कानापर्यंत गेलेला व्रण उन्हात चमकतोय आणि डावी पापणी नेहमीसारखी अर्ध्यावर थांबलीय. स्टुडिओतल्या तरुण मालकानं तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि अदबीनं म्हणाला, ‘काकू, हा व्रण काढून टाकू का? डोळाही थोडा उघडून देतो. अजिबात कळणार नाही बघा. सगळेच करून घेतात, माणूस छान दिसतो भिंतीवर.’

पडद्यावर त्याच्या माउसचा छोटा बाण गिरीशच्या कपाळापाशी येऊन थांबला होता.

‘त्याला हात लावू नका,’ मी म्हटलं. दुकानातली दोन माणसं वळून बघायला लागली, इतक्या जोरात. ‘हा माझा नवरा आहे. आहे तसाच हवाय मला.’